डाव्या मनगटाचं माप

"गाडी लागते का?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि त्या लहानशा खोलीत दोन बायकांनी एकाच वेळी दोन उत्तरं दिली. ती म्हणाली, "नाही." तिची नणंद म्हणाली, "हो, फार." डॉक्टरीणबाईंचं पेन कागदाला टेकलं होतं ते तिथेच थांबलं. ज्याचं फुप्फुस उघडायचं होतं तो दोघींच्या मधे बसून, तपासणीसाठी काढलेल्या शर्टाची बटणं लावत होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "यातलं पेशंट कोण आहे?" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. त्याने मान वर केली, आधी ताईंकडे बघितलं, मग तिच्याकडे. हा क्रमसुद्धा तिने टिपून ठेवला. मग पुन्हा बटणाकडे बघत तो म्हणाला, "लहानपणी असेल. आता तसं काही नाही." पेन हललं, चौकटीत खूण झाली, आणि तेवढ्या खुणेने तिला जो आनंद झाला तो तिला लपवावा लागला, कारण नवऱ्याच्या छातीत कॅन्सरची गाठ असताना बायकोला कसलाही आनंद होणं बरं दिसत नाही.

"मी हे उगाच विचारत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर ओकाऱ्या सुरू झाल्या की टाके ताणतात. दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग उरलेलं फुप्फुस फुगत नाही, त्यात पाणी साठतं. उलटी श्वासात गेली तर आणखी पंचाईत. ज्यांना गाडी लागते, ज्यांनी कधी सिगरेट ओढलेली नाही, त्यांना हा त्रास जास्त. त्यांच्यासाठी मी आधीपासूनच जास्तीचं औषध ठेवते." त्याने जन्मात सिगरेट ओढली नव्हती. त्याचं बक्षीस म्हणून गाठही मिळाली आणि आता ओकाऱ्याही मिळणार होत्या. ताई पुढे सरकून म्हणाल्या, "मग देऊनच टाका ना जास्तीचं." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, "औषध म्हटलं की त्याचेही त्रास असतात. गुंगी, तोंडाला कोरड, या वयात लघवी अडते. गरज नसेल तर नको." "ते नाही म्हणतायत ना," ती म्हणाली. ताई पुन्हा मागे सरकल्या. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांच्या जोडण्या करून देण्यात घालवलेली बाई ती, समोरच्याने रिसीव्हर ठेवला हे तिला बरोबर कळत असे.

तसं बघितलं तर ताईंनी तिचं कधी वाकडं केलं नव्हतं, आणि हीच खरी अडचण होती. नणंद खाष्ट असती तर भांडता आलं असतं, मैत्रिणींना सांगता आलं असतं. ताई येत त्या एक पिशवी घेऊन, आणि बसत त्या खुर्चीच्या कडेवर, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'लहानपणी त्याला' असं सुरू होई. लहानपणी त्याला दूध पचायचं नाही. लहानपणी त्याला अंधारात पाय पोटाशी घेऊन झोपायची सवय. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई अकराच्या, वडिलांची नोकरी डोंगरापलीकडे, ही दोघं मामाच्या घरी. हे सगळं तिला पाठ होतं आणि त्याबद्दल कणवही होती; पण ऐकताना वाटे, की ताईंकडे मूळ कापड आहे आणि आपल्या वाट्याला आलाय तो नुसता उरलेला तुकडा. ताईंच्या तोंडी त्याच्यासाठी 'अरे' होतं. तिच्या तोंडी एकतीस वर्षं 'अहो' होतं. तो दोघींनाही 'अगं' म्हणे, पण ताईंना म्हणताना त्याचा आवाज अर्ध्या पायरीने खाली येई, एखाद्याने घरी येऊन चपला काढाव्यात तसा. हे तिने कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. नणंदेचा कुणी मत्सर करतं का, आणि तेही सहासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या? सवत असती तर निदान लोकांना समजलं तरी असतं.

आणि तिच्याकडे काय नव्हतं? तिच्याकडे त्याची मापं होती. ती पुरुषांचे शर्ट शिवायची, स्वतःचं दुकान, स्वतःचं बेतायचं टेबल, दाराशी गिऱ्हाइकांचा आरसा. गळ्यात टेप असायचा तो जेवतानाही निघायचा नाही. मापांच्या वहीत पहिलं पान त्याचं. तिथे एकतीस वर्षांच्या छात्या एकाखाली एक लिहिलेल्या होत्या, वाढत गेलेल्या आणि गेल्या पावणेदोन वर्षांत उतरत आलेल्या; त्याची छाती कमी होतेय हे डॉक्टरांच्या आधी तिच्या टेपला कळलं होतं, पण टेपला कारण कळत नाही. त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरता. मान पुढून जाड, मागून बारीक. आणि डाव्या हाताचा कफ उजव्यापेक्षा अर्धा इंच मोठा. हे शेवटचं तर अगदी उलटं होतं. शिवणकामात साधा नियम असतो, घड्याळाच्या हाताचा कफ पाव इंच सैल बेतायचा. हा बाबा घड्याळ बांधायचा उजव्या हाताला आणि सैल मागायचा डावा कफ. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "डाव्या हाताला घाम येतो गं." तिने टेप लावला, दोन बोटं आत घालून बघितली आणि लिहून टाकलं. माणसाच्या शरीराच्या सगळ्याच गोष्टींना कारण नसतं, माप तेवढं खरं असतं, असा तिचा धंद्यातला अनुभव होता. मूलबाळ झालं नाही. मापायला हा एकच माणूस. दुसऱ्या कुणाला त्याचं एखादं माप आपल्याहून जास्त ठाऊक असावं हे तिला सोसत नसे. म्हणून ती 'नाही' म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की नाही. पण तसं वाटायच्या आधीच तोंडून निघून गेलं होतं, आणि ताईंचं 'हो' कानावर पडल्यावर तर ते 'नाही' दगडासारखं पक्कं झालं.

ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग गाठीसकट निघाला. वॉर्डात एका पेशंटमागे एकच माणूस, आणि त्या माणसाच्या गळ्यात निळ्या फितीचा पास. पास तिच्या गळ्यात आला, टेपच्या जागी. ताई खाली, जिन्याजवळच्या लांब बाकावर. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती डबा घ्यायला खाली उतरली तेव्हा ताईंनी विचारलं, "कसा आहे?" ती म्हणाली, "झोपलेत." दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पुन्हा विचारलं, या वेळी जागेवरून अर्ध्या उठून. तो तेव्हा टक्क जागा होता. "आत्ताच डोळा लागलाय," ती म्हणाली. "मग राहू दे," ताई म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून पासवर आली आणि तिथून पटकन पिशवीकडे गेली. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय जातं, असं म्हणत ती जिना चढली. एकेका पायरीला पास छातीवर आपटत होता.

वर त्याची लढाई चालली होती. बरगड्यांमधून निघालेली नळी खाली एका पेटीत गेली होती, पेटीतल्या पाण्यात तो श्वास सोडेल तसे बुडबुडे येत. दुखण्याचं औषध एका यंत्रातून थेंबथेंब जात होतं. आणि साधारण नऊ वाजल्यापासून त्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं होतं. आधी तो नुसता गिळत होता. मग कपाळावर घाम. मग पहिली ओकारी आली, रिकामी, आणि त्यासरशी त्याने टाक्यांवर हात दाबून असा काही आवाज काढला की तिने तो आवाज एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. तिने ट्रे धरला. कपाळ धरायला हात पुढे केला तर त्याने मान फिरवली. सिस्टर आल्या, चोवीस-पंचवीसची मुलगी, दोन वेण्या टोपीखाली दडपलेली. "काका, दुखणं दहापैकी किती?" "सहा," तो म्हणाला. मघाशी तिने विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "बरंय." "आणि मळमळ?" "आठ." म्हणजे आकडे सिस्टरसाठी आणि 'बरंय' बायकोसाठी. सिस्टरने सुईवाटे औषध दिलं, तीन चेंडूंचं ते फुंकायचं खेळणं, फुंकायचं कसलं, आत ओढायचं, त्याच्या तोंडाशी धरलं. "दोन चेंडू तरी वर न्या, काका." त्याने श्वास घेतला, पहिला चेंडू थरथरला, आणि घशाशी आलं. चेंडू खाली बसला. सिस्टरचा चेहरा उतरला. "असं चालणार नाही हो काकू. यांनी श्वास ओढला पाहिजे. आज फुप्फुस नाही उघडलं तर मग ताप, न्यूमोनिया, काहीही मागे लागतं. यांना पूर्वी कधी असा त्रास? गाडीबिडी लागायची?"

तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न म्हणजे दुसरी संधी, एवढं शहाणपण तिच्याजवळ होतं. खाली बाकावर एक बाई बसली आहे, तिला विचारा, एवढं म्हणायचं. पण ते म्हणायचं म्हणजे ताईंना वर बोलवायचं, त्या येणार, खुर्चीच्या कडेवर बसणार, म्हणणार 'लहानपणी त्याला', आणि सिस्टर मान डोलावणार, आणि तो डोळे उघडून आधी त्यांच्याकडे बघणार. पोटात त्याच्या ढवळत होतं आणि दुखत तिच्या होतं. "नाही," ती म्हणाली, "तसं काही नाही." सिस्टर गेल्या. ती स्टुलावर बसून राहिली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, एकेक चादर झटकून, कडेला कड लावून. आपण आत्ता काय केलं हे तिला कळत होतं. कळूनही ती चादरी मोजत बसली. माणूस वाईट वागतो तेव्हा त्याला मोजायला काहीतरी लागतं.

मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. त्याचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे, आणि उजवा हात, जो उचलला की टाक्यांत कळ जायची, तो अंथरुणावरून सरपटत डाव्या हाताकडे चालला होता. डाव्या मनगटात सलाईनची सुई होती, वर पट्ट्या, खाली आधाराची पट्टी. उजव्या हाताची बोटं पट्टीच्या कडेशी आली, काहीतरी शोधलं, कड उचलायचा प्रयत्न केला, पट्टी हलेना. बोटं मागे गेली. पुन्हा आली. ही हालचाल तिला पाठ होती. कापडाची कड वर सारून आत दोन बोटं घालायची ही हालचाल. तो कफ शोधत होता. दवाखान्याच्या झग्याला कफ नसतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा तिने अर्धा इंच सैल ठेवून स्वतःच्या हातांनी शिवला होता. दरवर्षी चार शर्ट, एकतीस वर्षं. तो गाडीत नेहमी पुढे बसायचा, ड्रायव्हरशेजारी. ती म्हणायची, यांना रस्ता बघायला आवडतो. पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढणारा माणूस, त्याला रस्त्याची आवड असणारच. लांबच्या प्रवासाआधी तो जेवायचा नाही. ती म्हणायची, यांना शिळं आवडत नाही. आणि पार मागे, लग्नानंतरचा पंधरावा-सोळावा दिवस, घाटाचा रस्ता, भाड्याची बस. पुढच्या बाकावर एक गलमिशा राखलेला दांडगा माणूस, त्याने वळणावर खिडकीबाहेर डोकं काढलं आणि भडाभडा ओकला. तिला हसू आवरेना. नवी नवरी, नवी साडी, शेजारी नवा नवरा, हसायचं नाही तर काय करायचं. ती त्याच्या कानाशी लागून म्हणाली होती, "एवढ्या मिशा आणि गाडी लागते. आपल्याला नाही बाई चालायचं असलं माणूस." तो हसला होता. समोर बघत हसला होता, आणि त्याचा उजवा हात डाव्या मनगटावर होता, तिच्या वडिलांनी दिलेल्या घड्याळाच्या पट्ट्याखाली बोटं घुसलेली. तिला वाटलं होतं, घड्याळ आवडलंय. परत आल्यावर त्याने घड्याळ उजव्या हाताला बांधायला सुरुवात केली. आणि पुढच्या महिन्यात, पहिला शर्ट बेतताना, "डावा कफ जरा सैल ठेव."

एक वाक्य. तिला आठवतही नव्हतं ते वाक्य, आणि एक माणूस त्या वाक्याच्या धाकाने एकतीस वर्षं पुढच्या सीटवर बसला. आणि तीन दिवसांपूर्वी त्या खोलीत, सुरीखाली जायच्या आधी, बटणाकडे बघत म्हणाला, आता तसं काही नाही. तिला धरून रडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी, लाज वाटण्यासारखी गोष्ट, मत्सराची एक नवी कळ आली. ताईंसमोर त्याला कधी लपवावं लागलं नव्हतं.

ती उठली आणि सिस्टरला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना बोलवा. मी चुकीचं सांगितलं होतं." डॉक्टरीणबाई आल्या, हातातला कागद उघडला, खूण बघितली. "त्यांना गाडी लागते," ती म्हणाली. "कधीपासून?" "लहानपणापासून." हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून ती चपापली. "तुम्हाला केव्हा कळलं?" "आत्ता." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, पण बोलल्या काही नाहीत. घाईत असणाऱ्या माणसांची हीच एक माया. त्यांनी दुखण्याचं औषध कमी करून दुसऱ्या जातीचं जोडलं, मळमळीवर वेगळं इंजेक्शन लिहिलं, आणि ती म्हणाली म्हणून डाव्या मनगटातली सुई काढून वर दंडाजवळ घालायला सांगितली. "मनगट दाबून बरं वाटतं का यांना? वाटतं काही जणांना. दाबा खुशाल, पण औषधाच्या जोडीला. औषध लागू पडायला थोडा वेळ जाईल, तोवर धीर द्या." सिस्टर सुई काढता काढता म्हणाल्या, "कुठे दाबायचं ठाऊक आहे ना, काकू?" तिने त्या मनगटाकडे बघितलं. घेर तिला ठाऊक होता, सुताइतका. जागा ठाऊक नव्हती.

जिना उतरताना तिने ठरवलं होतं की एवढंच विचारायचं. ताई बाकावर पाठ न टेकता बसल्या होत्या. तिला येताना बघून उभ्या राहिल्या, चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. "काय झालं?" "काही नाही. ओकाऱ्या येतायत. ताई, तुम्ही त्यांचं मनगट कुठे दाबायचा?" ताईंनी एक अक्षर सुनावलं नाही. मी सांगितलं होतं, एवढं म्हणायचा त्यांना हक्क होता, आणि तिने ते ऐकायची तयारीही केली होती. त्यांनी म्हटलं नाही म्हणून ती आणखीच चिडली. "हात दे," तिला शेजारी बसवत ताई म्हणाल्या. तिचा डावा हात उताणा करून त्यांनी मांडीवर घेतला. एकतीस वर्षांत नमस्कार सोडला तर या दोघींनी एकमेकींना हात लावला नव्हता. ताईंची बोटं गार, टोकांना चपटी, टेलिफोनचे प्लग ओढून-लावून झालेली. "तळव्याच्या रेघेपासून तीन बोटं सोडायची. त्याची बोटं धरायची हं, आपली नाही. तो लहान होता तेव्हा माझी दोनच धरायचे. मग या दोन शिरा दिसतात ना, यांच्या मधे अंगठा. असा. दुखेल न दुखेल इतपत." अंगठा रुतला आणि तिच्या हातातून कोपरापर्यंत एक बोथट कळ सरकली. ही ती जागा. त्याच्या कातड्यावर ही बोटं पंचावन्न वर्षांपासून इथे होती, तिच्या टेपच्या कितीतरी आधी.

"वडिलांना भेटायला जायचो ना आम्ही दर महिन्याला," ताई अंगठा न काढता सांगत होत्या. "सव्वीस वळणं. दुसऱ्याच वळणाला हा पांढरा पडायचा. मी हात धरायचे आणि प्रत्येक वळणाला सांगायचे, हे वळण शेवटचं. तो म्हणायचा, खोटं. मग मी त्याला—"

तिने हात काढून घेतला. पुढचं तिला ऐकवेना. त्या बसमध्ये तिसरी सीट नव्हती, आणि आणखी दोन वाक्यं ऐकली असती तर ती त्या बाकावरच काहीतरी भलतं बोलून बसली असती. "येते मी," ती म्हणाली, "वर त्यांच्याजवळ कुणी नाही." ताई म्हणाल्या, "हो, जा तू, जा." पासची फीत तिने मुठीत धरली होती. दिली नाही. जागा कळली होती, आता ते माप तिच्याकडेही होतं, आणि ती दोन दोन पायऱ्या चढत निघाली, या वयात, धाप लागेपर्यंत.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ट्रे छातीशी. तिने त्याचा डावा हात उताणा केला, त्याच्याच उजव्या हाताची तीन बोटं त्यावर टेकवून माप घेतलं, दोन शिरा शोधल्या, अंगठा ठेवला. हात ओळखीचा होता आणि ती जागा अनोळखी. तिने दाबलं. त्याच्या खांद्यातून काहीतरी सैल झालं, आधी उतरता डावा खांदा, मग मान. त्याने मोठा श्वास घेतला नाही, पण घेतला तो पुरा घेतला. पेटीत बुडबुडे आले. तिला एकदम हलकं वाटलं, जिंकल्यासारखं. मग डोळे न उघडता तो म्हणाला, "ताई."

औषधाची गुंगी होती, तिला ठाऊक होतं. मी आहे हो, म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्याच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटलं होतं, गळ्याची घाटी वर-खाली होत होती, आता ओकारी आली तर पुन्हा तो आवाज. तिने अंगठा घट्ट केला. जन्मात कधी न वापरलेला शब्द शोधून, आवाज अर्ध्या पायरीने खाली आणून ती म्हणाली, "हे वळण शेवटचं, रे."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्याला पाच वर्षांचं हसू आलं होतं. "खोटं," तो म्हणाला.

आणि थांबला. डोळे मिटून, तोंड जरा उघडं ठेवून, तो थांबला. उत्तर येणार याची त्याला खात्री होती, सव्वीस वळणांवर सव्वीस वेळा आलं होतं ते. तिने घाईघाईत म्हटलं, "खोटं नाही, खरंच." त्याच्या कपाळावर आठी आली. "असं नाही," तो म्हणाला, आणि मनगट तिच्या हातात वळवळलं, सुटायला बघत असल्यासारखं. घाटी पुन्हा वर चढली. तिने दुसरं काही म्हणून बघितलं असतं. पण मापात चुकीचं कापलेलं पुन्हा जोडता येत नाही हे तिला आयुष्यभराच्या धंद्याने शिकवलं होतं, आणि आजचं कापड म्हणजे त्याची छाती होती.

"सिस्टर," तिने हाक मारली. "इथे अंगठा ठेवा. इथेच. हलवू नका, मी आलेच."

जिना उतरता उतरता तिने पास काढायला घेतला. फीत अंबाड्याच्या पिनेत अडकली, ओढली तशी चार केस घेऊन सुटली. ताई तिला बघून पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. तिने पास त्यांच्या गळ्यात घातला, आणि हाताच्या सवयीने त्यांच्या पदराची खांद्यावरची घडीही सारखी केली.

"वर जा, ताई," ती म्हणाली. "झोपले नव्हते ते. कालही नव्हते. ते एक विचारतायत आणि मला त्याचं उत्तर येत नाही."

ताईंनी तिच्या दंडाला नुसता हात लावला आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायला लागल्या. त्यांची पिशवी बाकावरच राहिली. ती पिशवीशेजारी, अजून ऊब असलेल्या जागेवर बसली. वरून ओकारीचा आवाज येतो का म्हणून कान देऊन, ती मनातल्या मनात एकेक उत्तर लावून बघत राहिली. एकही बसेना.